प्रकाशाच्या फेऱ्यातून मायक्रोवेव्ह



गॅदरिंगला किंवा कीर्तनाच्या मंडपात माईक स्पीकरच्या फार जवळ गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. सगळे साउंडवाल्याकडे बघतात, तो धावत जाऊन आवाज कमी करतो. पण ही शिट्टी वाजवली कोणी? कोणीच नाही! माईकने खोलीतला थोडासा गोंगाट उचलला, ॲम्प्लिफायरने तो वाढवला, स्पीकरने परत माईककडे फेकला, पुन्हा वाढला, पुन्हा फेकला. ज्या सुराची लाट फेरा पूर्ण करून बरोब्बर स्वतःच्याच पावलावर पाऊल टाकून येते, तो सूर फेऱ्यागणिक फुगत जातो. बाकीचे विरून जातात. दुसऱ्या वर्षाला आपण ज्याला बार्कहाउसेनची अट म्हणून पाठ करतो ती एवढीच: फेऱ्यात निदान जितकं गेलं तितकं परत यावं, आणि फेज जुळावी.

मराठीत ऑसिलेटरला ‘आंदोलक’ म्हणतात असं मला आमच्या मराठी विभागाच्या संपादकांनी सांगितलं. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची, माझं मराठी घरचं आणि एसटी स्टँडवरचं. ‘आंदोलक’ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेली माणसं येतात. तेव्हा या लेखात ऑसिलेटरच राहू द्या.

तर विषय असा. मायक्रोवेव्ह म्हणजे गिगाहर्ट्झच्या घरातले सिग्नल. ते अतिशय स्वच्छ हवेत, आणि फ्रिक्वेन्सी झटकन बदलताही यायला हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात. का येतात, आणि प्रकाशाची मदत घेतली की त्यातून वाट कशी निघते, हे सांगायचा माझा प्रयत्न आहे.

आधी ‘स्वच्छ’ म्हणजे काय ते बघू, आणि उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. आपला माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला. निरा उजव्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस, जिथे पोचत नाही तिथे आभाळाकडे बघणं. याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यातल्या ढगांचा अभ्यास करायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला मेघबीजनाचा शास्त्रीय प्रयोग केला. विमानं होती, पर्जन्यमापकं होती, आणि सी-बँडचं रडार होतं. सी-बँड म्हणजे साधारण ५.६ गिगाहर्ट्झ धरा.

सोलापूरपासून माळशिरस सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे. हिशेबाला शंभर घेऊ. रडारचा पल्स तिथल्या ढगावर आपटून परत यायला सुमारे ६६७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात रडारमधला ऑसिलेटर जवळपास ३७ लाख वेळा डोललेला असतो. परत आलेला प्रतिध्वनी याच ऑसिलेटरशी ताडून बघायचा असतो. म्हणजे ३७ लाख झोके मोजताना एका झोक्याच्या अंशाचीही गल्लत होऊन चालत नाही! थेंब रडारकडे सेकंदाला १ मीटर वेगाने येत असेल तर फ्रिक्वेन्सीत फरक पडतो फक्त ३७ हर्ट्झचा. ५६० कोटींमध्ये ३७.

आता या ढगाच्या मागे किंवा शेजारी डोंगर असला तर? आपल्या पश्चिमेला शंभू महादेवाची रांग आहेच. डोंगराचा प्रतिध्वनी रिमझिम पावसाच्या मानाने प्रचंड मोठा असतो. तो हलत नाही, म्हणून फ्रिक्वेन्सी बघून त्याला वेगळा काढता येतो. पण ऑसिलेटर जर थरथरत असेल तर डोंगराच्या प्रतिध्वनीला दोन्ही बाजूंनी गोंगाटाचा झालरीसारखा पसारा सुटतो आणि त्या पसाऱ्याखाली बिचारा पाऊस झाकून जातो. या थरथरीलाच फेज नॉइज म्हणतात. ती मोजताना मुख्य फ्रिक्वेन्सीपासून अमुक हर्ट्झ बाजूला, एक हर्ट्झच्या पट्टीत, मुख्य सिग्नलच्या किती डेसिबल खाली गोंगाट आहे ते सांगतात. आकडा जितका उणे तितका चांगला.

नेहमीची इलेक्ट्रॉनिक पद्धत अशी: क्वार्ट्झचा स्फटिक घ्यायचा, त्यातून समजा १०० मेगाहर्ट्झ काढायचे, आणि गुणत गुणत १० गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचे. क्वार्ट्झ फार गुणी आहे. पण शंभराने गुणलं की त्याची थरथरही शंभरपट होते, म्हणजे ४० डेसिबलचा दंड बसतो. दुसरा मार्ग म्हणजे सिरॅमिकचा रेझोनेटर घेऊन थेट १० गिगाहर्ट्झवरच डोलायचं. त्याचा क्यू साधारण दहा हजार धरला, तर त्याच्यात सिग्नल किती वेळ ‘लक्षात’ राहतो? हिशेब केलात तर एका मायक्रोसेकंदाचा तिसरा हिस्सा. बस्स.

‘लक्षात राहणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ऑसिलेटरची स्वच्छता म्हणजे त्याची स्मरणशक्ती, असं मला हा विषय वाचताना कळत गेलं. ॲम्प्लिफायर सतत थोडाफार फेज हलवत असतो, ते त्याच्या हाडीमांसीच आहे. लूपमध्ये सिग्नलला फेरा मारायला जितका जास्त वेळ लागतो, तितका त्या हलण्याचा फ्रिक्वेन्सीवर परिणाम कमी. फेज जेवढी हलली तिला फेऱ्याच्या वेळाने भागायचं, इतकं सोपं आहे. वेळ दहापट वाढवला तर फ्रिक्वेन्सीची थरथर दहाव्या हिश्शावर येते, आणि शक्तीच्या भाषेत शंभराव्या हिश्शावर, म्हणजे २० डेसिबल खाली.

हे खरं की खोटं ते बघायला उपकरण लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माळशिरसला घरी मी आणि माझ्या चुलतभावाने ठिबकची १६ एमएमची लॅटरल घेतली. भोकं नसलेली, दहा मीटर. एका टोकाला कापूस आणि चिकटपट्टी लावून इअरफोन बसवला, दुसऱ्या टोकाला कॉलर माईक, आणि मध्ये भजनी मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर. काकी दोनदा विचारून गेल्या की शेतातली नळी घरात का आणली! आवाज वाढवत नेला की नळीच्या लूपमध्ये शिट्टी सुरू होते. आवाजाला दहा मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, म्हणून ती शिट्टी वाटेल त्या सुरावर बसत नाही, सुमारे ३५ हर्ट्झच्या पायऱ्यांवरच बसते. मोबाईलवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपमध्ये ते छान दिसतं. आता ट्रेबलचं बटण थोडं फिरवा. सूर जेमतेम हलतो, आणि फारच फिरवलं तर एकदम पुढच्या पायरीवर उडी मारतो. मग नळी कापून दोन मीटरची करा आणि तेच बटण तेवढंच फिरवा. आता सूर चांगलाच घसरतो. ॲम्प्लिफायर तोच, बटण तेच, फरक फक्त नळीच्या लांबीचा.

मग मायक्रोवेव्हसाठी सरळ लांबलचक केबल का नको? कारण १० गिगाहर्ट्झला नेहमीच्या बारीक कोॲक्सियल केबलमध्ये मीटरमागे एखादा डेसिबल तरी जातोच. एक किलोमीटर केबल म्हणजे हजार डेसिबल. एवढं गेलेलं भरून काढणारा ॲम्प्लिफायर जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही.

इथे प्रकाश कामाला येतो. १५५० नॅनोमीटरचा लेझर फायबरमधून सोडला तर किलोमीटरमागे जातात फक्त ०.२ डेसिबल. मायक्रोवेव्हला या प्रकाशाच्या पाठीवर बसवायचं, म्हणजे लेझरची तीव्रता मायक्रोवेव्हच्या तालावर कमीजास्त करायची, फायबरमधून लांबचा फेरा मारून आणायचं आणि फोटोडिटेक्टरवर पुन्हा खाली उतरवायचं. सोळा किलोमीटर फायबरमध्ये प्रकाशाचे ३.२ डेसिबल जातात. डिटेक्टरवर मायक्रोवेव्हच्या हिशेबाने ते दुप्पट होतात हे विसरू नका, म्हणजे ६.४. तरीही किती किरकोळ!

अशी सवारी आपल्या महाराष्ट्रात बघायची असेल तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जायचं. नारायणगावजवळच्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनाने आकाशातून पकडलेले रेडिओ सिग्नल प्रकाशावर बसून फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि सगळ्या अँटेनांनी एका तालात राहावं म्हणून संदर्भाची फ्रिक्वेन्सीही फायबरमधूनच तिकडे जाते. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण मायक्रोवेव्हची नाही, मीटर लांबीच्या लाटांची आहे. तिची वरची मर्यादा दीड गिगाहर्ट्झच्या आसपास. पण प्रकाशावर रेडिओ बसवून किलोमीटरच्या किलोमीटर नेणं म्हणजे काय, हे समजायला खोडदइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेलात तर निळ्या आभाळाखालच्या त्या जाळीदार वाट्यांचे फोटो काढून झाल्यावर फायबरबद्दलही विचारा.

खोडदला सिग्नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. समजा दुसरं टोक पुन्हा पहिल्याला जोडलं तर? डिटेक्टरमधून निघालेला मायक्रोवेव्ह वाढवला, गाळला, आणि लेझरवरच्या मॉड्युलेटरला परत दिला. झाली की मंडपातली शिट्टी! फक्त हवेच्या जागी फायबर, माईकच्या जागी डिटेक्टर, स्पीकरच्या जागी मॉड्युलेटर. यालाच ऑप्टोइलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर म्हणतात. अमेरिकेत नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ आणि ल्यूट मलेकी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा मांडला. पुढे मलेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १६ किलोमीटर फायबर वापरून १० गिगाहर्ट्झला ६ किलोहर्ट्झ बाजूला उणे १६३ डेसिबल इतकं फेज नॉइज मोजून दाखवलं. म्हणजे एक हर्ट्झच्या पट्टीतला गोंगाट हा मुख्य सिग्नलचा किती भाग? एक भागिले, २ वर १६ शून्यं. सोळा किलोमीटरला प्रकाश सुमारे ७८ मायक्रोसेकंद घेतो. मघाच्या सिरॅमिकपेक्षा जवळपास अडीचशेपट स्मरणशक्ती. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे फायबरला फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नाही. उशीर १० गिगाहर्ट्झला जेवढा तेवढाच ३० ला, त्यामुळे वर जाताना तो ४० डेसिबलसारखा दंड बसत नाही.

अडचणी नाहीत असं नाही. पायऱ्या आठवतात ना? इथे त्या फारच दाट लागतात. ७८ मायक्रोसेकंदांचा फेरा म्हणजे दर १२-१३ किलोहर्ट्झला एक पायरी. १० गिगाहर्ट्झवर त्यातली नेमकी एक निवडणारा फिल्टर बनवणं फार अवघड. म्हणून दोन फायबर लावतात, एक लांब आणि एक आखूड. दोघांच्याही पायऱ्या जिथे जुळतात तीच फ्रिक्वेन्सी टिकते. व्हर्नियर कॅलिपरवर आपण जुळणारी रेघ शोधतो, अगदी तसंच. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये कंटाळवाणी वाटलेली ती पट्टी इथे अशी भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता झटकन बदलण्याबद्दल. फिल्टर बदलला की फ्रिक्वेन्सी बदलते. जुना मार्ग यिग नावाच्या चुंबकीय गोळीचा. कॉइलमधला करंट बदलायचा, चुंबकीय क्षेत्र बदलतं, फिल्टर सरकतो. पण कॉइल जड डोक्याची, मिलिसेकंद लावते. प्रकाशाच्या घरात याला झकास पर्याय आहे: फिल्टरही प्रकाशातच करायचा. फायबरमध्ये कोरलेल्या जाळीत एक अरुंद खाच असते. लेझरची फ्रिक्वेन्सी आणि त्या खाचेची फ्रिक्वेन्सी यांच्यात जेवढा फरक, तेवढ्या मायक्रोवेव्हला वाट मिळते. म्हणजे लेझर थोडा सरकवला की मायक्रोवेव्ह सरकला. किती थोडा? १५५० नॅनोमीटरच्या आसपास १० गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त ०.०८ नॅनोमीटर! लेझरचा करंट किंचित बदलून हे होतं. कॅनडात ओटावा विद्यापीठात २०१२ साली याच युक्तीने ३ ते २८ गिगाहर्ट्झपर्यंत फिरणारा ऑसिलेटर दाखवला गेला. एकाच यंत्रात!

पण फिल्टर सरकला म्हणजे ऑसिलेटर सरकला असं होत नाही, आणि खरी मेख इथे आहे. नवी फ्रिक्वेन्सी लूपमध्ये नसतेच. ती गोंगाटातून पहिल्यापासून फुगत वर यावी लागते. समजा गोंगाटापासून पूर्ण शक्तीपर्यंत १०० डेसिबल चढायचे आहेत आणि फेऱ्यामागे १ डेसिबल मिळतो; तर शंभर फेरे झाले, म्हणजे १६ किलोमीटर फायबरला जवळपास ८ मिलिसेकंद. लेझर मायक्रोसेकंदात तयार, आणि फायबर म्हणतं, थांबा, मला जुनं विसरू द्या. लांब फायबर म्हणजे चांगली स्मरणशक्ती, आणि चांगली स्मरणशक्ती म्हणजे उशिरा विसरणं. आखूड केला तर चपळ होतो पण थरथरतो. माझ्या नळीनेही हेच सांगितलं होतं.

यातून सुटका २०१८ मध्ये बीजिंगच्या सेमीकंडक्टर संस्थेतल्या गटाने दाखवली. मूळ कल्पना डोळ्याच्या पडद्याचं चित्र घेणाऱ्या लेझरसाठी २००६ साली आलेली होती. ती समजायला मला आपलं रिंगण उपयोगी पडलं. माउलींची पालखी आपल्या तालुक्यात आली की पुरंदवड्याला आणि खुडूसला गोल रिंगण होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. कल्पना करा की दिंड्या क्रमांकाने एकामागे एक गोल फिरताहेत, आणि एका जागी चोपदार उभा आहे. तो क्रमांक पुकारतो, त्याच क्रमांकाच्या दिंडीला सोडतो, बाकीच्यांना अडवतो. चोपदाराने एक, दोन, तीन करत शेवटपर्यंत पुकारायचं आणि पुन्हा एकवर यायचं. त्याची ही एक आवृत्ती आणि दिंडीचा एक फेरा यांना बरोब्बर सारखाच वेळ लागला, तर प्रत्येक दिंडी परत येते तेव्हा तिचाच क्रमांक पुकारला जात असतो. कोणालाच थांबावं लागत नाही, कोणालाच पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

चोपदार म्हणजे सरकणारा फिल्टर, दिंड्या म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी, रिंगण म्हणजे फायबरचा लूप. सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी फायबरमध्ये साठवलेल्या असतात, फक्त वेगवेगळ्या जागी. एक किलोमीटरचा लूप असेल तर फिल्टरने सेकंदाला साधारण दोन लाख वेळा पूर्ण पट्टा पालथा घालायचा. बाहेर जो सिग्नल येतो तो सतत चढत जाणारा असतो, त्याला चर्प म्हणतात. रडारमध्ये अशा चर्पला मोठी मागणी आहे, कारण लांब पण कमी शक्तीचा पल्स पाठवून नंतर गणिताने तो आखडता येतो आणि अंतर बारकाईने कळतं. रडारमध्ये प्रकाश ही कल्पना काही हवेतली नाही. इटलीत २०१४ साली सिग्नल निर्माण करणं आणि वाचणं ही दोन्ही कामं प्रकाशाने करणारं रडार चालवून दाखवलं गेलं आहे, त्याची पद्धत मात्र जरा वेगळी.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण काही लेखांमध्ये सगळं सुटल्यासारखं लिहिलेलं असतं. चोपदाराची युक्ती ठरलेल्या क्रमाने, पुन्हापुन्हा तोच पट्टा चढण्यासाठी आहे. मनात येईल तेव्हा ८ वरून २१ गिगाहर्ट्झवर उडी मारायची आणि पोचताक्षणी १६ किलोमीटर फायबरइतकं स्वच्छ असायचं, हे या युक्तीने मिळत नाही. तिथे अजूनही सौदाच करावा लागतो.

आणि ऊन! आपल्याकडचं ऊन या यंत्राचा वैरी आहे. काचेचं फायबर एका अंशाने तापलं की त्यातला उशीर दहा लाखांत सात भागांनी वाढतो. १० गिगाहर्ट्झवर म्हणजे अंशामागे ७० किलोहर्ट्झ. पायऱ्यांमधलं अंतर १२-१३ किलोहर्ट्झ, म्हणजे पंख्याचं एक बटण दाबलं तरी एक पायरी सरकेल. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. दोन मेगाहर्ट्झची घसरण! म्हणून फायबरचं रीळ तापमान स्थिर ठेवणाऱ्या डब्यात कोंडतात. किंवा फायबरच टाकून देऊन काही मिलिमीटर व्यासाची स्फटिकाची गुळगुळीत चकती घेतात, जिच्या कडेकडेने प्रकाश हजारो फेरे मारतो. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं ना, ते तत्त्व हेच. चकती लिथियम नायोबेटची असेल तर नुसतं व्होल्टेज देऊन तिची फ्रिक्वेन्सी सरकवता येते, तीही झटकन. मात्र तिची स्मरणशक्ती कित्येक किलोमीटर फायबरएवढी नसते.

आपल्या कॉलेजात हे करता येईल का, असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांच्यासाठी. १० गिगाहर्ट्झचा मॉड्युलेटर आणि त्याला साजेसा डिटेक्टर विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपणारा नाही. पण लूप कमी फ्रिक्वेन्सीवरही तितक्याच इमानाने डोलतो. फायबर लॅबमधला एक किलोमीटरचा रीळ, करंटने थेट मॉड्युलेट होणारा साधा लेझर डायोड, पिन डिटेक्टर आणि शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासचा ॲम्प्लिफायर-फिल्टर एवढ्यात दर २०० किलोहर्ट्झला येणाऱ्या पायऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर मोजता येतील, हेअर ड्रायरने रीळ तापवून त्या सरकतानाही बघता येतील. मॅडमनी लॅबची वेळ द्यायचं कबूल केलंय. टीममध्ये अजून दोन जागा आहेत. एकच अट: १५५० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा चालू आहे की नाही ते बघायला फायबरच्या टोकात कोणी डोकावायचं नाही, पॉवर मीटर लावायचा.